पुण्याहून बंगलोरला घर हलवताय? पॅकर्सचा फोन सगळ्यात शेवटी करा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन घरांनी मला फोन करून एकच विचारलं, तुमचा पॅकर्सवाला कोण होता गं, नंबर दे. मी नंबर देतच नाही, कारण तो चांगला नव्हता, पण ते पुढे सांगते. सामान जातं हो. चार बश्या फुटतात, एखादं स्टूल हरवतं, पलंगाचे नट सापडत नाहीत, पण जातं. घोडं अडतं ते मुलाच्या शाळेत, पाण्यात, गॅसमधे, गाडीच्या नंबर प्लेटमधे, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या पहिल्या दोन महिन्यांत. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई, कोथरूडचं बिऱ्हाड उचलून इकडे आलो तेव्हा आधी ट्रक ठरवला आणि मग घर शोधलं, त्यामुळे मी जे लिहितेय ते आम्ही केलं त्याच्या बरोबर उलटं आहे असं समजा.

पहिलं काम, दोघांपैकी एकाने आधी चार-पाच दिवस एकट्याने येऊन राहायचं. घरं बघायला नाही, रस्ता बघायला. घरं दाखवणारे ब्रोकर रविवारी सकाळी बोलावतात, तेव्हा सगळं शहर झोपलेलं असतं आणि ऑफिस पंधरा मिनिटांवर आहे असं वाटतं, तेच अंतर मंगळवारी सकाळी साडेनऊला सिल्क बोर्डच्या चौकातून काढून बघा, मग बोलू. जो एरिया डोक्यात आहे तिथून वर्किंग डेला ऑफिसच्या गेटपर्यंत एकदा जा आणि संध्याकाळी सहाला परत या, एवढं केलंत तरी अर्धी यादी आपोआप गळते. मेट्रोचा विचार नक्की करा. पर्पल लाइन २०२३ पासून पार व्हाइटफील्डपर्यंत जाते, आणि ऑगस्ट २०२५ मधे यलो लाइन सुरू झाली, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी असेल तरी जयनगर-बनशंकरीसारख्या जुन्या, झाडांच्या, पायी बाजारहाट करता येणाऱ्या भागात राहता येतं. घरात सासूसासरे असतील तर माझं मत एकदम स्पष्ट आहे, जुना एरियाच घ्या. चाळीस मजली टॉवरमधे क्लबहाऊस असतो पण कोपऱ्यावरचा भाजीवाला नसतो, आणि म्हाताऱ्या माणसाला क्लबहाऊसचं काय करायचंय.

आता घर. हॉल केवढा, बाल्कनी कुठल्या दिशेला हे नंतर, आधी विचारा कावेरी की बोअर. म्हणजे नळाला कावेरीचं पाणी येतं, का नुसतं बोअरवेलवर चालतं, का टँकर मागवावा लागतो. २०२४ च्या मार्चमधे इथे बोअर आटले आणि पाण्याचे असे हाल झाले की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लावला होता. घरमालक सगळेच सांगतात पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही. त्यांना विचारू नका, खाली वॉचमनला विचारा एप्रिलमधे टँकर किती येतात, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समधे धरलाय का वेगळा वाटून घेतात. बाथरूममधे जाऊन नळाच्या तोटीवर पांढरा थर जमलाय का बघा, जमला असेल तर पाणी जड आहे, गिझर आणि वॉशिंग मशिन दोन्हीची वाट लागणार आणि केस गळायला लागले की तुम्ही शाम्पू बदलत बसणार.

डिपॉझिटचा आकडा ऐकून पुणेकर माणूस खुर्चीत नीट सरसावून बसतो. पूर्वी इथे दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यायची पद्धत होती, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर आलंय, पण तरी पुण्याच्या मानाने जास्तच. घासाघीस होते, लाजू नका. घर सोडताना रंगकामाचे म्हणून साधारण एक महिन्याचं भाडं कापून घेतात, ही इथली रीतच आहे, पण दोन वर्षं राहिल्यावर कापणार की सहा महिन्यांत सोडलं तरी कापणार हे करारात लिहून घ्या. आणि एक शब्द सांभाळा, लीज. जाहिरातीत ‘हाउस फॉर लीज’ असं असेल तर ते भाड्याचं घर नव्हे. तिथे एकदम मोठी रक्कम मालकाला द्यायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, जाताना रक्कम परत घ्यायची, थोडक्यात मुंबईतलं हेवी डिपॉझिट. घर स्वतःच्या मालकीचं आणि कर्जात न अडकलेलं आहे याची खात्री झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. माझा नवरा लीज बघून तीन जणांना फोन करून आला आणि म्हणाला इथे भाडं सांगतच नाहीत, लाखातच बोलतात.

कराराचंही वेगळं आहे. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करावाच लागतो, एजंट घरी येऊन अंगठा-फोटो घेऊन जातो ते आठवत असेल. इथे बहुतेक करार अकरा महिन्यांचे, ई-स्टॅम्प पेपरवर, रजिस्टर न केलेले. अकराच का, तर एका वर्षापुढचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो म्हणून. शेजारी म्हणतील असंच असतं, असतंच, फक्त प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि डिपॉझिट बँकेतून द्या, कॅश नको. याच करारावर पुढे गॅस, शाळा अशी बरीच कामं चालतात.

शाळा हे खरं तर घराच्याही आधी पाहिजे होतं. इथल्या शाळा मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या सुरुवातीला उघडतात, आपल्यासारख्या जूनच्या मध्याला नाही, म्हणजे आपल्याकडे मामाच्या गावाला जायचे दिवस असतात तेव्हा इथे वह्यांना कव्हर घालणं चालू असतं. आणि लांब सुट्टी दिवाळीत नाही, दसऱ्याला. हे कळायच्या आत आम्ही दिवाळीला पुण्याची दहा दिवसांची तिकिटं काढून बसलो होतो. मूल पहिलीत जायचं असेल तर वयाचं आधी बघून घ्या, महाराष्ट्रात सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हायला लागतात, कर्नाटकात १ जूनपर्यंत, मधे सवलतही दिली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबरमधे जन्मलेल्या पोराचं एक वर्ष अडकू शकतं. शाळेला फोन करून जन्मतारीख सांगून सरळ विचारा. आपल्याकडे ज्याला एलसी म्हणतात त्याला इथे टीसी म्हणतात, आणि परराज्यातून येताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का मागतात बऱ्याच शाळा. आम्हाला हे इथे आल्यावर कळलं, मग नवऱ्याला एका सहीसाठी रात्रीच्या बसने पुण्याला जावं लागलं. शाळा सोडतानाच ते काम करून घ्या.

कन्नड विषय असणारच, राज्याचा २०१५ चा कायदाच आहे त्यासाठी. परराज्यातून मोठ्या इयत्तेत आलेल्या मुलांना काय सूट देता हे शाळेला विचारा, पण लहान असेल तर सूट मागूच नका. आमचा पोरगा सहा महिन्यांत दुकानाच्या पाट्या वाचायला लागला, आता आम्ही त्याला घेऊनच बाजारात जातो.

पुण्याच्या टोकाची कामं निघण्याआधी महिनाभर सुरू करा. सिलिंडर असेल तर गाव बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि ट्रान्स्फरचा कागद, त्याला टीव्ही म्हणतात म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, तो घेऊन इकडच्या एजन्सीत नवं डिपॉझिट भरायचं. शेगडी आपली आपल्याबरोबर. पण पुण्यात पाइपचा गॅस असेल आणि इथे सिलिंडर घेणार असाल तर ती शेगडी तशीच जोडू नका, पाइप गॅसचे जेट वेगळे असतात, भोक मोठं असतं, सिलिंडरवर लावलं की भडका उडतो, मेकॅनिककडून बदलून घ्या. हे कोणी सांगत नाही. टपालाचं म्हणाल तर पोस्टात अर्ज देऊन नव्या पत्त्यावर वळवून घेता येतं. मतदार यादीला फॉर्म ८, ऑनलाइन होतो. बँका बंद करायची गरज नाही, फक्त पत्ता बदला. सासूबाईंची औषधं दोन महिन्यांची भरून घ्या आणि डॉक्टरांकडून सगळ्या हिस्ट्रीचं एक पान लिहून घ्या, जाडजूड फाइल नवीन डॉक्टर वाचत नाही.

पुण्यातला फ्लॅट स्वतःचा असेल आणि भाड्याने देणार असाल तर दोन गोष्टींचा हिशेब भाडं ठरवतानाच करा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा पैसे, ते सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, कमिटीतले काका काहीही म्हणोत. आणि महापालिकेच्या घरपट्टीत स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्क्यांची सवलत मिळते ती भाडेकरू ठेवला की मिळत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा, टाळू नका.

गाडी. यावर मी तासभर बोलू शकते पण थोडक्यात सांगते. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथलं रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स देशातल्या सगळ्यात जास्त टॅक्सांपैकी आहे. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून एनओसी लागते, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही, आणि जुनी चलनं भरल्याशिवाय एनओसी निघत नाही, त्यामुळे फर्ग्युसन रोडचं ते विसरलेलं सिग्नलचं चलन आधी भरून टाका. पुण्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथलं रजिस्ट्रेशन झाल्यावर, आणि पैसे यायला धीर लागतो. जुनी गाडी असेल तर विकून या, हे माझं मत. आठ-दहा वर्षांची हॅचबॅक आणून टॅक्स भरण्यापेक्षा इथे केए, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची सेकंडहँड घ्या. आणलीच तर पॅकर्सचं बिल आणि आलेल्या दिवसाची टोलची नोंद गाडीत ठेवा, पोलिसाने एमएच बारा बघून थांबवलं तर बारा महिने अजून झाले नाहीत हे दाखवता येतं. स्कूटर रेल्वेने पार्सल करता येते, पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि आरसीची कॉपी लागते.

एवढं सगळं झालं की मग पॅकर्सला फोन. तीन जणांना घरी बोलावून सामान दाखवा, फोनवर भाव घेऊ नका. आमचं फोनवर ३४ हजार ठरलं, सामान ट्रकमधे चढल्यावर माणूस म्हणाला हे तर जास्त झालं ५२ लागतील, आणि तोपर्यंत घर रिकामं, चावी द्यायची झालेली, सासूबाई जिन्यात खुर्चीवर, काय करणार. म्हणून नगाची यादी कागदावर, जिन्याने चढवायचे की लिफ्टने, ट्रक पूर्ण आपला की शेअरिंगचा, जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं लिहून घ्या आणि निम्म्याहून जास्त पैसे सामान उतरल्यावर द्या. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पूर्ण ट्रक केला तर दोन-तीन दिवसांत येतो, शेअरिंगमधे सांगतात पाच दिवस, आमचं नवव्या दिवशी आलं. बिल्टीची, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावतीची कॉपी आणि ड्रायव्हरचा नंबर हातात असल्याशिवाय ट्रक सोडू नका. इन्शुरन्सचे पैसे घेतात तेव्हा पॉलिसीचा कागद मागा, नुसती बिलावर ओळ लिहिलेली असेल तर तो इन्शुरन्स नव्हे.

काय आणू नये ते सांगते. एसी आणू नका, काढायचा आणि परत बसवायचा खर्च करून मार्च-एप्रिलचे थोडे दिवस लावाल, बंगलोर नऊशे मीटर उंचीवर आहे, इथे पंख्यावर भागतं. कूलर तर नकोच. कुंड्या कोणी नीट नेत नाही, आल्या तरी तुळस वाळून येते, तुळशीच्या मंजिऱ्या कागदात बांधून आणा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा. फ्रंट लोडिंग मशिन असेल तर नवीन असताना मागे जे लांब बोल्ट लावलेले होते ते शोधा आणि परत लावा, नाहीतर ड्रम प्रवासभर आपटत येतो. लोणच्याच्या बरण्या ट्रकमधे अजिबात नको, आमच्या कैरीच्या लोणच्याचं तेल पोराच्या इतिहासाच्या पुस्तकांपर्यंत गेलं होतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी हातातल्या बॅगेत. ज्वारीची भाकरी इथे मिळते, उत्तर कर्नाटकच्या खानावळी आहेत, जोळद रोट्टी मागायची, आणि दळून आणायला गिरणी पाहिजे असेल तर विचारा हिट्टिन गिरणी कुठे, शब्द आपलाच आहे.

मुहूर्ताचं मानत असाल तर आणि नसाल तरी एक फायदा सांगते. आपण पितृपक्षात घर बदलत नाही तसे इथले लोक आषाढात गृहप्रवेश करत नाहीत, त्यामुळे त्या महिन्यात रिकामी घरं पडून असतात आणि मालक जरा मऊ असतो. आम्ही आषाढातच घर ठरवलं, तीन हजार भाडं कमी केलं त्याने. फक्त सामान न्यायच्या आधी घरमालकीण अज्जींनी विचारलं हालु कधी उतू घालणार, म्हणजे दूध. त्यांच्याकडेही नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात, अगदी आपल्यासारखं. म्हणून ट्रक येईल तेव्हा येईल, एक छोटं पातेलं, मीठ, हळद-कुंकू, केरसुणी, निरांजन, बादली-मग, दोन चादरी, चार्जर आणि सगळ्यांची कागदपत्रं एवढं तुमच्याबरोबर गाडीत असू द्या. श्रावणाच्या पहिल्या शुक्रवारी सासूबाईंनी एवढ्याशा पातेल्यात दूध उतू घातलं, अज्जी बघायला आल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी तासभर बोलत बसल्या.

विजेचं बिल बेस्कॉमचं. २०२३ पासून घरगुती ग्राहकांसाठी २०० युनिटपर्यंत मोफत विजेची गृहज्योती योजना आहे, भाडेकरूलाही लागू होते, पण आधीच्या भाडेकरूने त्या मीटरला स्वतःचं आधार जोडलेलं असेल तर तुमचं जोडता येत नाही, ते काढून घ्यायला मालकाच्या मागे लागा. कचरा ओला-सुका वेगळा, सकाळी गाडी येते, मिसळलेला दिला तर घेत नाहीत आणि सगळ्या गल्लीसमोर बोलणी बसतात.

भाषेला घाबरू नका, पण गृहीतही धरू नका. ‘कन्नड गोत्तिल्ल’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा ‘स्वल्प स्वल्प बरुत्ते’ म्हणजे थोडं थोडं येतं म्हणा, रिक्षावालासुद्धा हसतो. एष्टु म्हणजे किती, बेकु हवंय, बेडा नकोय, एवढ्यावर भाजी येते. बाकी तूप म्हणजे तुप्पा, कोथिंबीर म्हणजे कोत्तंबरी, चिल्लर चिल्लरच, अक्का आणि अण्णा तर आपल्याच घरातले. पोहे मात्र अवलक्की. शेजाऱ्यांनी ‘ऊट आयता’ विचारलं तर ते जेवायला बोलावत नाहीयेत, आपल्या ‘जेवलात का’ सारखंच आहे, हो म्हणायचं. आमच्या मजल्यावर विजापूरच्या एक काकू निघाल्या, त्यांना मराठी कळतं, त्यांनी कामवाली, दूधवाला, इस्त्रीवाला सगळं दोन दिवसांत लावून दिलं. अशी एक व्यक्ती प्रत्येक बिल्डिंगमधे असते, बेळगाव-धारवाड-विजापूरकडची, तिला शोधा. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत जा. शिवाय हे गाव आपल्याला तसं परकं नाहीच, १६३८ च्या सुमाराला बंगळूर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं होतं, आणि घरात जुन्या वळणाचं मराठी बोलणारी कुटुंबं अजून भेटतात. पण पहिल्याच भेटीत कोणाला हा इतिहास ऐकवू नका, नवऱ्याने ऐकवला, पुढचा अर्धा तास आम्हाला हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांचा इतिहास ऐकावा लागला, आणि बरोबरच होतं ते.

सणांचं एकच सांगते. पाडव्याला इथे उगादी, कडुनिंब आणि गूळ त्यांचाही. पण गौरीचा घोळ होतो. इथली गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला, आणि आपल्या ज्येष्ठा गौरी गणपती बसल्यावर येतात, त्यामुळे तुम्ही सामान घ्यायला बाहेर पडाल तेव्हा बाजार उठलेला असतो. मुखवटे तर आपल्या पद्धतीचे आम्हाला कुठे मिळालेच नाहीत. आमचे ट्रकमधे होते, ‘किचन ३’ लिहिलेल्या खोक्यात, आणि ते खोकं अजून उघडायचंच राहिलं होतं. तुम्ही हातात आणा.